खोरं वळलंय म्हणणारी अर्नदिस

हुसाविकच्या सहकारी दुकानात अर्नदिसने झाडं तोडायची साखळी-करवत मागितली, तेव्हा दुकानदाराने आधी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बंदर होतं, बंदरामागे उघडाबोडका डोंगर होता, आणि त्यावर कमरेएवढंही झाड नव्हतं.

"काय तोडणार आहेस?"

"काही नाही. भोकं पाडायचीत."

"कशाला?"

"दगडाला."

"करवतीने?"

"तू विकणार आहेस की परीक्षा घेणार आहेस?"

दुकानदाराने करवत मागवून दिली, पण ती येण्याआधीच गावभर झालं की थोरग्रिमुरची पोरगी राजधानीतली, रेक्याविकची चांगली नोकरी सोडून परत आली आहे आणि येताना डोकं तिकडेच विसरून आली आहे. आमच्या गावात ओलं जाळं वाळायला वेळ लागतो, बातमीला लागत नाही.

थोरग्रिमुर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याआधी तो खाडीपलीकडच्या नाउस्तादाल खोऱ्यात मेंढ्या पाळायचा. तिथे रस्ता कधी गेला नाही, वीज कधी गेली नाही. एकेक घर उठत गेलं आणि अर्नदिस सात वर्षांची असताना त्यांचंही उठलं. बोटीत गाद्या, भांडी, शिवणयंत्र आणि सगळ्यांच्या वर रडून लाल झालेली ती. हुसाविकच्या शाळेत मुलं तिला 'नाउस्तादालची मेंढी' म्हणायची. एकदा गुरुजींनी नकाशावर खाडीपलीकडे छडी टेकवली आणि म्हणाले, "इथे आता काही नाही." ही उभी राहिली आणि म्हणाली, "योरुन आहे." गुरुजी म्हणाले, खाली बस. ही म्हणाली, आधी 'योरुन आहे' असं म्हणा. शेवटी गुरुजींना म्हणावं लागलं.

अशी पोरगी. पुढे ती रेक्याविकला भूगर्भशास्त्र शिकली आणि तिथल्याच प्रयोगशाळेत एग्गर्टच्या हाताखाली लागली.

एग्गर्ट वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दगड कसा फोडावा आणि फोडलेल्याकडे कसं बघावं हे तिला त्यानेच शिकवलं. देशभरच्या बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं होतं, त्या दिवशी अर्नदिसही हात झटकून बाहेर पडली. एग्गर्टने प्रयोगशाळेतले कॉफीचे कप स्वतः धुतले, दोन फोडले, आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःच हसत सगळ्यांना सांगितलं. फक्त एका बाबतीत तो कातळासारखा होता. वीस वर्षांपूर्वी त्याने आमच्या खाडीपलीकडच्या डोंगरांबद्दल जे लिहून ठेवलं होतं, त्याला कोणी हात लावलेला त्याला खपत नसे.

त्याचं असं. लाव्हा वाहतो, थंड होतो. त्याच्यात लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात. थंड होताना ते कण त्या काळच्या उत्तरेकडे तोंड करतात आणि तसेच थिजतात. पुढे लाखो वर्षं त्यांची मान हलत नाही. म्हणून लाव्हाच्या थरातून बोटाएवढी दगडाची कांडी काढायची, काढण्याआधी ती डोंगरात कोणत्या दिशेला बसली होती ते तिच्यावर आखून घ्यायचं, आणि प्रयोगशाळेत बघायचं की आतले कण कुठे बघतात. उत्तरेकडे बघत असतील तर ठीक. भलतीकडे बघत असतील, तर कण नाही वळलेले, डोंगर वळलाय.

अर्नदिसने नाउस्तादालच्या कांड्या आणल्या होत्या. खोऱ्याच्या वरच्या टोकाचे थर शहाण्या मुलासारखे उत्तरेकडे बघत होते. पण खाली समुद्राकडे, जिथे जमिनीला मोठा भ्रंश आहे, म्हणजे जिथे दोन्ही बाजूंची जमीन एकमेकींना घासत उलटसुलट सरकते, तिथले थर पूर्वेकडे बघत होते. भ्रंशाच्या जितकं जवळ, तितकी मान जास्त वळलेली.

एग्गर्टने आकडे पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अर्नदिस, ह्या खालच्या कांड्या काढून टाक."

"का?"

"वीज पडलेल्या जागा असणार. वीज पडली की दगडातली जुनी दिशा पुसली जाते."

"सगळ्याच जागी वीज पडली? रांगेत?"

"नाहीतर होकायंत्राने फसवलं. कातळच चुंबक आहे. त्याच्यावर होकायंत्र ठेवलंस तर ते कातळाचंच ऐकणार."

"नाहीतर?"

"नाहीतर काय?"

"नाहीतर खोरं वळलंय."

एग्गर्ट हसला. मग त्याने नेहमीचं सुरू केलं. नाउस्तादालमध्ये कातळभिंती आहेत, म्हणजे भेगांमध्ये लाव्हा घुसून थिजलेल्या उभ्या भिंती. बाकी सगळीकडे त्या उत्तर-दक्षिण असतात, भ्रंशाजवळ मात्र पूर्वेकडे वाकतात. का, तर भेगाच वाकड्या पडल्या. "कापड तिरकं ओढलं की तिरकं फाटतं. त्यासाठी आख्खी जमीन फिरवायची गरज नाही."

"भेगा कशाही पडू देत," अर्नदिस म्हणाली. "पण भिंतींच्या मधला लाव्हा भेगांच्या आधीचा आहे. भेग वाकडी पडली म्हणून आधीच थिजलेल्या लाव्हाने मान का वळवावी?"

एग्गर्टने तो मुद्दा बाजूला सारला. त्याच्याकडे दुसरा होता, आणि तो खरा होता. आमचा देश ध्रुवाच्या एवढा उशाला, की इथे चुंबकाची सुई उत्तरेकडे कमी बघते आणि जमिनीत जास्त घुसते. जवळजवळ उभ्या रोवलेल्या काठीसारखी. "उभी काठी कुठल्या बाजूला झुकलीय हे एका काठीवरून कोणी सांगू नये," तो म्हणाला. "शंभरभर काठ्या बघाव्या लागतात. तुझ्याकडे मूठभर आहेत."

"मग शंभर बघते."

"कशाने? मोजायचं यंत्र वीजकेंद्राच्या कामावर जाणार आहे आणि तूही."

"मी नाही जात."

"मग कुठे जाणार?"

"घरी," ती म्हणाली, आणि टेबलावरच्या कांड्या पेटीत भरायला लागली. एग्गर्टला वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल. आठवड्याने तिची खोली रिकामी झाली.

थोरग्रिमुरने करवत उलटीपालटी करून पाहिली. पोरीने नोकरी का सोडली हे त्याने विचारलं नाही. अर्नदिसची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात तो एकटाच होता, आणि कोणी आलं ह्याचंच त्याला बरं वाटत होतं. त्याने करवतीची साखळी काढली, तिच्या जागी पोकळ नळीसारखं हिऱ्याच्या दाण्यांचं टोक बसवलं, आणि टोक तापू नये म्हणून बागेत फवारणी करायच्या डब्यातून त्याला पाण्याची नळी जोडली. पहिलं भोक त्याने स्वतःच्याच घराच्या पायरीला पाडून पाहिलं.

"आता मोजणार कुठे?" त्याने विचारलं.

मोजणं कठीण होतं. कातळातलं चुंबक दुबळं, आणि जवळपास लोखंड असलं की यंत्राला त्याचाच आवाज ऐकू येतो. गावाच्या टोकाला थोरग्रिमुरची जुनी जाळ्यांची शेड होती. बापलेकीने तिचा एकेक लोखंडी खिळा उपटला आणि बोटीला मारतात ते तांब्याचे खिळे ठोकले. आत अर्नदिसने जुन्या पद्धतीचं यंत्र स्वतः बांधलं: केसाएवढ्या धाग्याला टांगलेले दोन छोटे चुंबक, त्यांना चिकटवलेला आरशाचा तुकडा आणि भिंतीवर पडणारा उजेडाचा ठिपका. कांडी जवळ आणली की ठिपका सरकतो. किती आणि कुठे सरकला त्यावरून कणांची दिशा कळते.

पहिले काही दिवस ठिपका जागेवर राहीना. अर्नदिस वैतागली. यंत्र सोडवलं, परत बांधलं, धागा बदलला. शेवटी तिच्या लक्षात आलं की बाबा दाराशी आले की ठिपका नाचतो.

"बाबा, खिशात काय आहे?"

"काही नाही. रुमाल."

"बूट काढा."

बुटांच्या टाचांत खिळे होते. त्या दिवसापासून शेडमध्ये येणारा प्रत्येक जण लोकरी मोज्यांवर आत यायचा, पट्टा आणि किल्ल्या बाहेरच्या पिंपावर ठेवून. गावात नवी थट्टा सुरू झाली: थोरग्रिमुरच्या शेडमध्ये जायचं तर विजार हातात धरून जावं लागतं. अर्नदिसला एकदा बेकरीत कोणीतरी विचारलं, "काय मग, आज खोरं किती वळलं?" ती म्हणाली, "तुझ्या पावाची रांग पुढे सरकते त्याहून जास्त."

पोट भरायला ती गावच्या शाळेत गणित शिकवायची. उन्हाळा मात्र नाउस्तादालचा.

खोऱ्यात योरुन होती. सगळे गेले तेव्हा ती गेली नाही, एवढीच तिची कहाणी. नवरा बोटीवरच वारला, पोरं झाली नाहीत, मेंढ्या आणि रेडिओ होता. साठी कधीच उलटली होती. अर्नदिस करवत खांद्यावर टाकून बोटीतून उतरली तेव्हा योरुन किनाऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"थोरग्रिमुरची का तू?"

"हो. ओळखलंस?"

"चालतेस त्याच्यासारखी. बदकासारखी. हे काय आणलंयस?"

अर्नदिसने सांगितलं. योरुनने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या घरामागच्या कड्याला भोकं पाडणार?"

"बोटाएवढी. मेंढीलाही कळणार नाहीत."

"मेंढीला कळो न कळो, मला कळतील. कड्याखाली झोपते मी." मग जरा थांबून, "गवत कापता येतं?"

"येतं."

"मग सकाळी गवत, दुपारनंतर भोकं. आणि माझ्या कपात कॉफी प्यायची नाही."

पहिल्या उन्हाळ्यात तिला सगळ्यात जास्त छळलं ते धुक्याने. होकायंत्रावर विश्वास नव्हता. एग्गर्टचं ते म्हणणं तिला पटलं होतं. म्हणून कांडीची दिशा आखायची ती सूर्यावरून: छोट्या तबकडीवर एक टाचणी, टाचणीची सावली, आणि घड्याळातली वेळ. सूर्य हवाच. आणि आमच्या उत्तर किनाऱ्यावर उन्हाळ्यात धुकं एकदा समुद्रावरून चढलं की खोऱ्यात बसून राहतं, पाहुणा असल्यासारखं. अर्नदिस भोक पाडून कांडी न तोडता तशीच ठेवायची आणि ओल्या दगडावर बसून वाट बघायची. वरच्या मुक्कामावर ती एकदा तीन दिवस ताडपत्रीखाली बसली. योरुन भाकरी आणि धुरावलेलं मटण घेऊन वर चढून आली.

"अजून बसलीयेस?"

"सूर्य यायचाय."

"होकायंत्र आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. पण त्यावरून आखलं तर रेक्याविकचा साहेब म्हणेल, कातळाने सुई फिरवली."

"आणि सूर्यावरून आखलं तर?"

"सूर्याला फिरवून दाखव म्हणेन."

योरुन तिच्या शेजारी बसली. खिशातून लोकर काढून दोन तळव्यांमध्ये वळायला लागली. अर्नदिस तिच्या हातांकडे बघत राहिली. एक तळवा पुढे जात होता, एक मागे, आणि मधली लोकर गोल फिरत होती.

"हे असंच झालंय," ती म्हणाली. "भ्रंशाच्या पलीकडची जमीन एका बाजूला चाललीय, इकडची दुसऱ्या बाजूला. मधल्या जमिनीचे तुकडे झाले आणि ते तुकडे फिरले. तुझं घर त्यातल्याच एका तुकड्यावर आहे."

योरुनचे हात थांबले. "माझं घर फिरलं?"

"घर नाही. घर बांधायच्या लाखो वर्षं आधी, जमीन. पाव फेऱ्याला थोडीशी कमी."

योरुनने पायाखालचा दगड टाचेने दाबून पाहिला. मग तिला हसू फुटलं, असं की लोकर मांडीवरून खाली पडली. "म्हणजे बघ! मी हलत नाही म्हणून सगळं गाव माझ्यावर चिडलंय, आणि हलायचं ते जमीनच करत बसलीय!"

चिडणाऱ्यांतला एक दुसऱ्या उन्हाळ्यात बोटीने आला. तालुका मंडळाचा अध्यक्ष. टपालाची बोट ह्यापुढे नाउस्तादालला येणार नाही, असं सांगायला. हुसाविकच्या वृद्धांच्या घरात खोली होती, गरम पाणी होतं, शेजार होता. तो माणूस मनापासून बोलत होता.

"योरुन, एका बाईसाठी बोट पाठवणं परवडत नाही गं."

"एक कुठे? दोन आहोत." तिने अर्नदिसकडे बोट केलं.

"ती उन्हाळ्यापुरती."

"मग उन्हाळ्यापुरती पाठव. हिवाळ्यात मला पत्र कोण लिहितंय? तू?"

"पडलीबिडलीस तर?"

"पडले तर खालीच पडेन ना. वर तर जाणार नाही."

अध्यक्षाने अर्नदिसकडे पाहिलं. शिकलेली आहे, समजावेल, अशा आशेने. अर्नदिस म्हणाली, "मला शाळेत सांगायचे, इथे काही नाही. आता तूही तेच सांगायला आलायस. मी इथून ज्या कांड्या नेल्यात, त्यांच्याएवढं बोलणारं तुझ्या आख्ख्या गावात काही नाही." अध्यक्ष कॉफी न पिता गेला. बोट बंद झाली. त्यानंतर योरुनचं पीठ, साखर आणि रॉकेल थोरग्रिमुर स्वतःच्या होडीतून न्यायला लागला. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मासे बघायला चाललोय."

तिसऱ्या हिवाळ्यात शेडमध्ये एक गोष्ट घडली. खोऱ्याच्या डाव्या धारेवरच्या, अगदी माथ्यावरच्या थरांच्या कांड्या ती मोजत होती. आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा वळसा त्या दाखवत होत्या. ह्या कांड्या पुढे ठेवल्या असत्या तर एग्गर्टचं तोंड बंद झालं असतं. पण ठिपका जरा जास्तच जोरात पळत होता. तिने करंट सोडलेल्या तारेच्या वेटोळ्यात ठेवून कांड्यांचं वरवरचं चुंबकत्व पायरीपायरीने उतरवलं, तशी दिशा घसरली, आणखी उतरवल्यावर आणखी घसरली, आणि शेवटी प्रत्येक कांडी वेगळीकडे बघायला लागली. वीजच होती. माथ्यावर कधीकाळी वीज पडली होती आणि तिचे फेकलेले फासे योगायोगाने हिच्या बाजूने पडले होते.

ती स्टुलावर बसून राहिली. चढायला सगळ्यात कठीण जागा ती. दोन आठवडे घातले होते तिथे.

थोरग्रिमुर मोज्यांवर आत आला. "काय झालं?"

"माथ्यावरच्या गेल्या. एग्गर्ट बरोबर होता."

"सगळंच चुकलं?"

"नाही. फक्त माथा. खालच्या कितीही उतरवल्या तरी हलत नाहीत."

"मग ठेव की ह्याही. कोणाला कळणारेय?"

"एग्गर्टला. तो ह्याच कांड्या पहिल्यांदा उचलेल. आणि ह्या पडल्या की बाकीच्यांनाही घेऊन पडतील." तिने पेटी उचलली आणि बाहेर नेऊन कुंपणाच्या दगडांवर ओतली. "त्याला एवढं स्वस्तात जिंकू देणार नाही मी."

पण त्याच हिवाळ्यात तिला दुसरं काही मिळालं. पृथ्वीचं चुंबक जुन्या काळात मधूनमधून उलटं व्हायचं, उत्तरेचं दक्षिण व्हायचं. योरुनच्या घरामागच्या कड्यात खालचे थर सरळ काळातले होते, वरचे उलट्या काळातले. खालचे पूर्वेला वळलेले आणि जमिनीत घुसणारे. वरचे नेमके त्यांच्या पाठीला पाठ लावून, पश्चिमेला आणि आकाशाकडे. वीज असं करत नाही. होकायंत्राची चूक असं करत नाही. दोन वेगळ्या काळांतली दोन उलटी तोंडं एकाच मापाने वळायची, तर त्यांच्याखालची जमीनच वळायला हवी. अर्नदिस शेडबाहेर आली, बर्फात मोज्यांवर उभी राहिली आणि समुद्राला उद्देशून एक शिवी हासडली. शेजारच्या म्हाताऱ्याने खिडकी उघडून विचारलं, "मला म्हणालीस का?"

"नाही," ती ओरडली, "रेक्याविकला!"

आणखी दोन वर्षांनी, भूगर्भशास्त्रज्ञांच्या रेक्याविकच्या वार्षिक बैठकीत तिला बोलायला शेवटची वेळ मिळाली, लोक कॉफीकडे बघायला लागतात ती. तिने अंगात बापाचा जाड्याभरड्या लोकरीचा लोपी स्वेटर घातला होता. सगळं सांगितलं. माथ्यावरच्या कांड्या का टाकल्या तेही. एग्गर्ट पहिल्या रांगेत होता. पाच वर्षांत त्याचे केस पार पांढरे झाले होते. तो उठला.

"होकायंत्राचं काय केलंस?"

"वापरलं नाही. सूर्य वापरला."

"नाउस्तादालमध्ये? तिथे सूर्य असतो?"

लोक हसले. तीही हसली. "नसतो. म्हणून पाच वर्षं लागली."

"थर किती?"

"तू मागितले होतेस त्याहून थोडे जास्त."

एग्गर्टने मान डोलावली, पण बसला नाही. "आणि कातळभिंती? त्या लाव्हापेक्षाही जास्त वाकल्यात. जमीन पाव फेऱ्याहून कमी वळली असेल, तर उरलेला वाकडेपणा कुठून आला?"

हा प्रश्न तिला ठाऊक होता. त्याच्यावर तिने कित्येक रात्री काढल्या होत्या. "बराचसा जमीन वळल्यामुळे आला," ती म्हणाली. "उरलेल्याचं मला माहीत नाही. तिथे कदाचित तू बरोबर असशील. भेगा थोड्या तिरक्या पडल्या असतील."

एग्गर्ट म्हणाला, "मला पटत नाही."

"नको पटू दे. पण मग इथे बसून पटत नाही असं म्हणू नकोस. ये, आणि तू निवडशील त्या थराला स्वतः भोक पाड."

हे सगळ्यांसमोर. कोणीतरी मागे खुर्ची सरकवली. एग्गर्टने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "जुलैत की ऑगस्टात?"

तो जुलैत आला. योरुनने त्याच्या हातात आधी दाताळं दिलं. रेक्याविकचा विद्वान असो की कोणी, गवत आधी उलटायचं. त्याने मुकाट्याने उलटलं, तळहाताला फोड आले. मग तो दिवसभर खोऱ्यात एकटा फिरला आणि त्याने एक थर निवडला: ओढ्याच्या काठचा, अर्नदिसने कधीच हात न लावलेला, भ्रंशाच्या जवळचा. भोकं त्याने पाडली. सूर्याची सावली त्याने वाचली, वेळ त्याने लिहिली. अर्नदिस लांब दगडावर बसून राहिली, एकदाही जवळ गेली नाही. हुसाविकला शेडच्या दाराशी त्याने पट्टा काढून पिंपावर ठेवला आणि एका हाताने विजार सावरत आत गेला.

ठिपका पूर्वेकडे सरकला. दुसरी कांडी, तिसरी, सगळ्या. त्याने चुंबकत्व पायरीपायरीने उतरवून पाहिलं. ठिपक्याने दिशा सोडली नाही.

एग्गर्ट मासळीच्या खोक्यावर बसला. त्याने वहीतले आकडे पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचले. अर्नदिसला एकदम त्याच्याबद्दल वाईट वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

"हा थर वळलाय," तो शेवटी म्हणाला. "हे मी नाकारणार नाही. पण कातळभिंतींचं माझंच खरं आहे."

"भिंतींचं थोडं तुझं, बरंच माझं."

"ते बघू."

"बघूच."

पुढे तिचा निबंध शास्त्राच्या मासिकात छापून आला. त्याच अंकात त्याच्याच पाठीला लागून एग्गर्टचा विरोधाचा लेख होता. त्यात त्याने जमीन वळल्याचं मान्य केलं होतं आणि बाकी सगळ्यावर वाद घातला होता. त्यानंतर लवकरच त्याने तिला प्रयोगशाळेत परत बोलावलं, पूर्वीपेक्षा वरच्या जागेवर. ती जाऊन भेटली, नवं यंत्र पाहिलं. सुंदर यंत्र होतं, तिच्या शेडमध्ये महिनाभर चालणारं काम दिवसात करणारं. तिचे हात शिवशिवले.

"उन्हाळे माझे राहतील?" तिने विचारलं.

"उन्हाळे जिथे काम असेल तिथे. वीजकेंद्रं, धरणं."

"मग नको."

"अर्नदिस, हा हट्ट आहे."

"हट्ट नसता तर तुझा लेख कशावर लिहिला असतास?"

ती शाळेत गणित शिकवत राहिली. त्या यंत्राची आठवण तिला कधी आली नाही असं कोणी समजू नये. हिवाळ्यात धागा तुटला की ती मोठ्याने बोलून दाखवायची. थोरग्रिमुर गेला तेव्हा होडी तिने चालवायला घेतली. योरुन आणखी अकरा हिवाळे नाउस्तादालमध्ये राहिली. शेवटच्या वर्षी अध्यक्षाने पुन्हा निरोप पाठवला, वृद्धांच्या घरात जागा आहे म्हणून. योरुनने उलट निरोप दिला, मेंढ्यांना किती जागा आहे ते कळव. मार्चमध्ये एका सकाळी ती गोठ्याच्या दाराशीच वारली, आणि तिला हुसाविकला आणलं. तिला खोऱ्यात पुरायचं नाही, तिथली दफनभूमी बंद झालीय, असं मंडळाने कळवलं. अर्नदिसने शवपेटी होडीत घातली आणि परवानगी न विचारता पलीकडे नेली. धर्मगुरू स्वतःहून होडीत चढला. अर्ध्या गावाने बंदरावर उभं राहून टोप्या काढल्या, अध्यक्षानेही. दंडाची नोटीस आली, पण दंड कधी भरला गेला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

आता अर्नदिसचे केस पांढरे आहेत. नाउस्तादाल वळलंय हे पुस्तकांत आलंय. किती वळलं आणि कातळभिंतींचा उरलेला वाकडेपणा कुठून आला, ह्यावर वाद अजून चालू आहे, आणि एग्गर्ट गेल्यावर तो वाद मिळमिळीत झाला अशी तिची तक्रार असते. मागच्या जूनमध्ये नॉर्वेची एक तरुण संशोधक शेडमध्ये आली. लाजत लाजत म्हणाली, माझ्या हिशेबाने वळसा तुम्ही म्हणता त्याहून बराच कमी आहे, तुम्हाला राग येणार नाही ना?

"राग येईल," अर्नदिस म्हणाली. "कुठल्या थरावरून म्हणतेस?"

"तिकडच्या कड्यावरून. ओढ्याच्या वरच्या."

"तो थर तिरका पडलाय. त्याचा कल किती धरलास?"

तरुणीने सांगितलं.

"चूक धरलास. नाहीतर मी चूक धरलाय. बूट घाल, होडी खाली आहे."

आणि ती करवत खांद्यावर टाकून उताराला लागली, बदकासारखी, मागे न बघता.